शिपायाआधी जमीन

२५ मिलिमीटर व्यासाची एक चकती तळहातावर घ्या. एमडीएफची असो वा प्लास्टिकची, जुन्या स्टीलच्या रुपयाएवढी. शिपाई डबीतच राहू द्या. त्याला बाहेर काढायची घाई सगळ्यांना होते, कारण रंगवण्याची सारी हौस त्याच्या पगडीत, पट्ट्यांत, बंदुकीच्या दस्त्यात असते. बेस मात्र अगदी शेवटी, फेविकॉल फासून, वाळूत बुडवून उरकला जातो. आज क्रम बदलू. आधी जमीन करू, मग तिच्यावर कोण उभं राहतं ते बघू.

चकती बोटांत फिरवा. तिला उंचसखल काही नाही, दिशा नाही, ऋतू नाही. तिच्यावर उभा केलेला शिपाई कितीही सुरेख रंगवला, तरी तो कुठेच उभा नसतो.

आता प्रमाण मनात धरा. २८ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे साधारण साठपट लहान केलेला माणूस. चकती तेवढ्याच पटीने वाढवली, तर ती दीड मीटर रुंदीची जमीन होते. जागेवरून उठा, खोलीच्या मधोमध उभे राहा आणि स्वतःभोवती दीड मीटरचं वर्तुळ मनाने आखा. एक पाऊल पुढे टाकलंत की काठ येतो. दोन्ही हात फैलावलेत की बोटं बाहेर जातात. एवढ्या जागेत माणूस बंदूक ठासू शकतो, गुडघा टेकू शकतो, मागे वळून बघू शकतो. तो पडला तर मात्र पुरता मावत नाही; डोकं तरी बाहेर जातं, नाहीतर पाय. त्या वर्तुळात थोडा वेळ उभे राहा. आपल्याला करायची आहे ती एवढीच जमीन, एका माणसाच्या वाट्याला आलेली.

पण कुठली? तयार टेक्स्चर पेस्टच्या बाटल्या मिळतात. त्यांच्यावर वाळवंट, बर्फ, भेगाळ माती, चिखल असं लिहिलेलं असतं. त्या वाईट नाहीत, मीही वापरतो. मात्र ती जमिनीच्या प्रकारांची नावं आहेत, गावाचं नाव त्यांत नाही. आपण गाव धरू. जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या बाजूचं असई. तारीख २३ सप्टेंबर १८०३.

त्या दुपारी केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची. शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरहून आलेल्या अँथनी पोलमनच्या हुकमतीत होत्या. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळनेला जवळपास कुठे उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. इतकी जवळची गावं एकमेकांकडे येजा केल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज त्याने बांधला. तो खरा निघाला आणि त्याची फौज बेचक्याच्या टोकाकडून नदी ओलांडून आली. केळनेकडे, म्हणजे दक्षिणेकडे, तोंड करून उभी असलेली पोलमनची रांग मग पूर्वेकडे वळली. एक टोक केळनेशी, दुसरं जुईकाठच्या असई गावाच्या मातीच्या भिंतींशी. तोफांपुढे कंपनीची माणसं भराभर पडली. ४२८ ठार आणि १,१३८ जखमी अशी त्या बाजूची मोजणी आहे. शिंद्यांच्या बाजूला पडलेल्यांचे नुसते अंदाज आहेत.

जो वेलस्ली इथे जिंकला, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला जिंकला. त्या दुसऱ्या मैदानाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती बेस करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

विल्यम सायबॉर्न नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १८३० साली वॉटर्लूची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो मैदानावर गेला आणि ल हे सँत या शेतवाडीत आठ महिने राहिला. याच शेतवाडीसाठी लढाईत प्रचंड झुंज झाली होती. त्याने सारी जमीन मोजून काढली. तोवर तिचा एक भाग बदललाही होता, कारण सिंहाचा पुतळा असलेली स्मारकटेकडी उभारायला तिथल्याच उंचवट्याची माती खणून नेली होती. मग त्याने लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. तुमची पलटण कुठे होती, शत्रू कुठे होता, हे विचारलंच. शिवाय समोरच्या शेतात पीक काय होतं, हेही विचारलं. हा प्रश्न सावकाश मनात घोळवा. आयुष्यातल्या सर्वांत भयंकर दिवसाबद्दल एक अनोळखी माणूस विचारतो आहे, आणि त्याला रायचं शेत होतं की गव्हाचं हे हवं आहे. उत्तरं आली, ढिगाने आली. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांनी पाहिली. सत्तर हजारांहून जास्त शिपाई तिच्यात आहेत, आणि ती आजही तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबॉर्नबद्दल मला अपार आदर आहे तो त्या पिकांच्या प्रश्नासाठी. माणसं कुठे उभी होती हे नकाशातून कळतं. ती कशात उभी होती, हे विचारायला वेगळ्या जातीचं लक्ष लागतं.

असईच्या वाट्याला असा सायबॉर्न आला नाही. तिथे समोर काय पेरलं होतं, पायाखाली काय होतं, ते कोणी पत्रं धाडून विचारलं नाही. म्हणून भारतातली लढाई म्हटली की सर्रास पिवळसर वाळूचे बेस केले जातात; ऊन, धूळ, दोनचार करड्या गवताचे झुबके. मराठवाड्यात सप्टेंबरअखेर एकदा जरी पाऊल टाकलेलं असेल, तर हा रंग बघून आतून काहीतरी नको म्हणतं. सायबॉर्नचा तो प्रश्न आता आपण आपल्याला विचारू.

डोळे मिटा. पावसाळा सरत आला आहे. जमीन काळी, भारी. बेसाल्टचा दगड झिजून झालेली ही माती, चिकणमातीने भरलेली; पाणी मिळालं की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. भेगांचे दिवस अजून लांब आहेत. आत्ता ती तुडुंब ओली नाही आणि कोरडीही नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो त्याच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी आहे. वरचं ढेकूळ राखट दिसू लागलंय, पण पायाने उलटलंत तर खालून ओलं, चकचकीत. दहा पावलं चाला. चपलेला माती धरते, आणखी दहा पावलांनी चप्पल जड होते, मग पायच जड होतो. ही भावना पोटरीत जाणवू द्या. बंदूक, काडतुसांची पेटी आणि हा चिकट भार घेऊन माणूस हुकमावर धावतो आहे.

आता डोळे उघडा आणि वाळूची डबी बाजूला ठेवा.

आपल्या कलेतली सर्वांत सोपी आणि सर्वांत लाडकी रीत म्हणजे फेविकॉलवर चाळलेली वाळू. असईसाठी ती चुकीची आहे, आणि त्याचं कारण प्रमाणात आहे. एक मिलिमीटरचा वाळूचा कण साठपट वाढला की सहा सेंटिमीटरचा दगड होतो. वाळूने भरलेला बेस म्हणजे दगडगोट्यांनी भरलेली जमीन. मुरमाड माळासाठी, नदीच्या पात्रासाठी ती रास्त. काळ्या मातीचा कण इतका बारीक की उघड्या डोळ्याला तो दिसतच नाही. तिथे डोळ्याला दिसतात ती ढेकळं, पावलांचे खळगे, चाकांच्या चाकोऱ्या आणि ओल्या मातीवर घसरलेल्या टाचेची गुळगुळीत रेघ. हे सगळं पुट्टीतून येतं. एम-सील चालेल, लाकडाला लावतात ती भरणाची पुट्टीही चालेल. खरीच काळी माती आणून लावावी असा मोह होतो, तो आवरावा. फेविकॉलमध्ये कालवलेली ती माती वाळताना आपला स्वभाव सोडत नाही, आक्रसून तडकते, आणि सप्टेंबरच्या बेसवर एप्रिलच्या भेगा पडतात.

एम-सीलचे दोन भाग मळा. रंग एकसारखा होईपर्यंत मळत राहा. घाई नको. हाताला ऊब लागते, गोळा मऊ होत जातो. मळता मळता एक जुनी हकिगत आठवा. प्रशियाच्या लिओपोल्ड फॉन राइस्विट्झने युद्धाचा खेळ रचला, तो पहिल्यांदा ओल्या वाळूत खेळत असत. राजाला तो बघायचा आहे असं कळल्यावर वाळूची पेटी राजापुढे न्यायची त्याला लाज वाटली. त्याने लाकडी कपाटासारखं मोठं मेज केलं. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते, गावं उठावाने घडवलेले चौकोनी तुकडे, हवे तसे मांडता येणारे. १८१२ साली ते राजाला दिलं. आजच्या वॉरगेमिंगचं मूळ तिथपर्यंत जातं. मला त्या मेजापेक्षा ती टाकून दिलेली वाळू जास्त खुणावते. खेळ सुरू झाला तो तिच्यातच, बोटांनी टेकडी सारून आणि नदीची रेघ ओढून.

गोळा चकतीवर बसवा आणि पसरा. सारखा पसरू नका. एका बाजूला मिलिमीटरभर चढ द्या. प्रत्यक्षात तो सहा सेंटिमीटरचा, नांगराच्या तासाएवढा. दातकोरणीच्या टोकाने कडा उचकटा, म्हणजे ढेकळं उठतील. जुन्या टूथब्रशने हलकेच टोचा. मध्ये थोडा भाग गुळगुळीत ठेवा, जिथे पायांनी माती चोपून बसवली आहे. खडे घालायचेच असतील तर एकदोन पुरेत, आणि तेही पांढरट. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, क्वचित एखादी गारगोटी. एकच पांढरा ठिपका त्या काळ्यात जमिनीची ओळख पटवतो. दोन ठिपके ठीक, तिसरा नक्षी होतो.

माती अजून मऊ आहे. आता डबी उघडा आणि शिपायाला बाहेर काढा, पण अजून चिकटवायचं नाही. धातूच्या शिपायाच्या पायाखाली साच्यातूनच आलेली एक पातळ पट्टी असते. तिला खालून तेलाचं बोट लावा आणि शिपाई मातीत दाबा. पुट्टी त्याच्या पायांभोवती वर येईल. पट्टी मातीत बुडाली की थांबा. मग त्याला अलगद उचलून पुन्हा बाजूला ठेवा. आता जमिनीत एक खळगा आहे, नेमका त्याच्या मापाचा.

या खळग्यापाशी जरा बसा. इथे कोण उभं राहणार आहे?

पोलमनच्या पलटणीतला शिपाई म्हटला, तर तो बहुधा गंगायमुनेच्या मुलखातला, अवधचा नाहीतर दुआबातला. त्याच्या गावची माती गाळाची, फिकी, हाताने चुरली तर भुरभुरणारी. त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूला बेगम समरूच्या सरधन्याच्या पलटणीही होत्या, म्हणजे मेरठकडची माणसं. समोरून आलेल्यांत ७४वी आणि ७८वी हायलँडर, स्कॉटलंडच्या डोंगरांतली नावं लावणाऱ्या पलटणी. आणि मद्रासचे शिपाई, तमिळ आणि तेलुगू मुलखातले. एका सेनापतीचा जन्म आयर्लंडचा, दुसऱ्याचा मुलूख हॅनोव्हर. मराठा घोडदळ सोडलं, तर त्या दोन नद्यांच्या मधे जीव घेणाऱ्या आणि देणाऱ्यांतले बहुतेक परमुलखातले होते. तिथली होती ती जमीन, आणि असई व आसपासच्या गावांची माणसं, ज्यांच्या शेतातून हे सगळं गेलं. त्या जमिनीची आठवण फक्त तिथल्यांनाच होती. पाऊस ओसरल्यावर ती कशी वाळते, कुठे पाणी धरते, बैल कुठे रुततो, हे बाहेरून आलेल्या कोणाच्याही पायाला ठाऊक नव्हतं. खळग्यात बोटाचं टोक ठेवा. तुमच्या शिपायाच्या पायाला ही माती परकी आहे. हे लक्षात ठेवलंत की त्याचे पाय रंगवताना हात आपोआप सावध होईल.

पुट्टी कडक होऊ द्या. मधल्या वेळात दुसरं काही रंगवायला घेऊ नका.

प्रायमर काळा मारा. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पातळ मारा, एवढंच.

रंगाबद्दल मात्र खूप आहे. काळी माती काळी नसते. कुंडीतली वा शेतातली काळी माती पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, आणि शेजारी काळ्या रंगाचा थेंब टाका. मातीत तपकिरी दिसेल, राखाडी दिसेल, कोनात धरली तर किंचित निळसरपणाही. मिश्रणासाठी गडद तपकिरी मुख्य ठेवा, त्यात काळा, आणि अगदी नखभर निळा. पहिला थर याचा. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ, जास्त काळपट वॉश सोडा. तो खळग्यांत, ढेकळांच्या मुळाशी जाऊन बसतो. जिथे उजेड पोचत नाही तिथे अंधार ठेवतो. नंतर ड्रायब्रश. कुंचल्यावरचा रंग कागदावर पुसून जवळजवळ संपवा आणि उंचवट्यांवरून फिरवा. इथे सवयीने हात पिवळसर, मलईच्या रंगाकडे जातो, कारण पुस्तकांतून आणि चित्रफितींतून शेवटचा ड्रायब्रश तसाच दाखवतात. काळ्या मातीचा वाळलेला माथा पिवळा पडत नाही, तो राखेकडे जातो. राखट तपकिरी घ्या, एकच फेरी मारा आणि कुंचला खाली ठेवा.

ओल कशी दाखवायची? ओली माती गडद का दिसते ते आधी बघा. कोरड्या मातीत कणांच्या मधे हवा असते, उजेड आदळून लगेच परततो. त्या जागा पाण्याने भरल्या की उजेड आत खोल शिरतो, आतल्या आत फिरतो आणि बराचसा तिथेच जिरतो. म्हणजे ओल ही वरून लावायची चकाकी नाही. आधी रंग गडद व्हायला हवा, चमक नंतर. खळग्यांच्या तळाशी वॉशचा आणखी एक थेंब द्या. तो वाळल्यावरच, आणि तिथेच, ग्लॉस व्हार्निश लावा. पूर्ण बेसवर व्हार्निश फासलंत तर ती जमीन न दिसता काच दिसेल. एका पावलाच्या ठशात साचलेलं पाणी, बस्स. तो ठसा कुठल्या दिशेचा करायचा हे तुम्ही ठरवा. पण पोलमनची रांग वळली होती हे ध्यानात घ्या. शिपाई पूर्वेकडे बघत असेल, तर दक्षिणेकडे तोंड केलेला एखादा जुना, अर्धा मोडलेला ठसा त्याच्या आधीच्या उभं राहण्याचा असू शकतो. हे बघणाऱ्याला कळेल का? कदाचित नाही. करणाऱ्याला कळतं, आणि त्यामुळे शिपाई कुठे बघतोय हेही त्याला पहिल्यांदा कळतं.

आता हिरवळ. मला सर्वांत जास्त इथे रेंगाळायला आवडतं.

आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे. भिजवलेल्या मातीवर मोहरी किंवा हळीव पेरायची, चार दिवसांत किल्ला हिरवागार. मावळे मांडले की ती हिरवळ त्यांच्या गळ्यापर्यंत यायची, आणि तरी कोणाला ते खटकायचं नाही, कारण ती खरंच उगवलेली असायची. तिथे प्रमाणापेक्षा उगवण्याला मान होता. इथे आपल्याकडे उगवण नाही, म्हणून प्रमाण तरी सांभाळायला हवं. दोन मिलिमीटरचं स्टॅटिक ग्रास म्हणजे बारा सेंटिमीटरचं गवत. बांधावरच्या हराळीला पुरे. सहा मिलिमीटरचे टफ्ट म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली येणारा झुबका; काळ्या रानात खोल मुळं धरून बसणारा कुंदा तेवढा सहज होतो. आणि खरिपाची उभी ज्वारी? ती शिपायाच्या डोक्यावरून जाईल. २८ मिलिमीटरच्या माणसाशेजारी ३५ मिलिमीटरचं धाट. ते बेसवर लावू नका, पण ते मनात उभं करा, कारण तशा शेतात रांगेतल्या माणसाला शेजारच्या पलटणीचं काय झालं ते दिसणार नाही.

स्टॅटिक ग्रासचे नायलॉनचे तंतू विद्युतभाराने ताठ उभे राहतात, हीच त्यांची खुबी. पण ज्या जमिनीवर हजारो पावलं फिरली, तिथलं गवत ताठ उभं असेल का? फेविकॉल ओला असतानाच बोटाने ते एका बाजूला झोपवा. शिपायाच्या पायाजवळ तर गवत नकोच. तिथे नुसता तुडवलेला चिखल. उरलेल्या कडेला, जिथे कोणाचा पाय पडला नाही, तिथे दोन पाती ताठ ठेवा. हिरवा रंग एकच नको. पावसाळ्याच्या शेवटी गवताचे शेंडे पिकू लागतात. टोकांना फिका पेंढ्यासारखा रंग कोरड्या कुंचल्याने द्या.

आता मनाने त्या दीड मीटरमध्ये वाका आणि काय उगवलं आहे ते एकेक ओळखा. लव्हाळा असेल. तरोटा असेल. कुर्डू असेल, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा, पिकात आपसूक येणारा. त्याचे तुरे याच सुमारास येतात. जुन्या ब्रशचा एक केस, दहा मिलिमीटर कापलेला, टोकाला फेविकॉलचा कण आणि त्यावर फिक्या गुलाबी रंगाची भुकटी, की कुर्डू झाला. आणि काय असू शकत नाही तेही ओळखा. आज तिथे गेलात तर गाजरगवत दिसेल, पांढऱ्या बारीक फुलांचं, सगळीकडे. ते या बेसवर येऊ द्यायचं नाही. पुण्यात त्याची नोंद १९५०च्या दशकात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. वेडी बाभूळ नको, तीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पाहुणी. घाणेरी नको, ती असईच्या लढाईनंतर इथे आली. आपली साधी, पिवळ्या गोंड्यांची बाभूळ चालेल, आणि तिचा गळलेला काटाही. अशी एकेक वनस्पती डोळ्यांसमोरून हटवत जा. ओळखीचं रान हळूहळू अनोळखी होत जातं, आणि त्यातून १८०३ सालचं रान वर येतं. मला इतिहासाची पुस्तकं वाचताना कधी आली नाही इतकी त्या वर्षाची जवळीक या निंदणीत येते.

याच फौजेबरोबर आणखी दोन महिने चालत जाता येतं. २९ नोव्हेंबर १८०३ला ती वऱ्हाडात अडगावला लढली, इंग्रजी कागदांतलं आरगाव. जमीन पुन्हा सपाट, काळी, पूर्णेच्या खोऱ्यातली. पण पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले, माथा राखट, पहिल्या भेगा उघडू लागलेल्या. इथे ग्लॉस व्हार्निशचा थेंबही नको, आणि तयार क्रॅकल पेस्टला इथेच पहिल्यांदा खरं काम मिळतं, तेही जरासंच. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. चिखलदऱ्याजवळ, सातपुड्याच्या कड्यावर. तिथे पायाखाली बेसाल्टचा कातळ, फुटक्या कपच्या, सुकलेलं पिवळं गवत, सागाची वाळकी पानं. कातळाला कॉर्कचा तुकडा मोडून लावा, पानांना वाळवलेला चहाचा चोथा. मद्रासचा एकच शिपाई तीनदा रंगवून तीन बेसवर उभा केला, तर त्याचं तोंड तेच राहील आणि तीन महिन्यांत त्याच्या पायांनी काय काय सोसलं ते दिसेल.

असईवर परत येऊ. शिपाई रंगवून झाला असेल, तर त्याला खळग्यात बसवा. फेविक्विकचा बारीक थेंब पुरतो. कडेला फट राहिली तर पातळ पुट्टीने भरा आणि मातीचाच रंग लावा. मग ज्या रंगाने जमीन केली तोच घ्या आणि त्याच्या पावलांवर, घोट्यांवर चढवा. वर जाताना विरळ करत, पोटरीपर्यंत. गुडघा टेकलेला असेल तर त्या गुडघ्यावरही. माती माणसावर चढली नाही, तर दोघं एका ठिकाणचे वाटत नाहीत. बेसच्या उभ्या कडेवरून फार वाद चालतात, काळी, हिरवी की तपकिरी. मी ती मातीच्याच गडद रंगाने रंगवतो. शेत चकतीच्या काठाशी संपत नाही, पुढे चालूच आहे, असं मला वाटू द्यायचं असतं.

मग तो खेळाच्या पटावर जातो, आणि तिथे एक अडचण येते. क्लबचा पट बहुतेक वेळा फिक्या वाळूच्या रंगाचा असतो, आणि त्यावर तुमची काळी चकती उठून दिसते. कोणीतरी सुचवेल की बेस थोडे उजळवा, पटाशी जुळतील. तसं करू नका. असईचा खेळ मांडायचा असेल तर पटच बदलायला हवा. सहा फूट बाय चार फुटांच्या मेजाला जाड, गडद तपकिरी सुती कापड दोन मीटर पुरतं. त्यावर पातळ केलेल्या काळ्या-राखाडी रंगाचे फटकारे मारून वाळवायचं, केळना आणि जुईसाठी दोन गढूळ पट्ट्या वेगळ्या कापायच्या, आणि कापड गुंडाळून ठेवायचं. अडगावच्या खेळाला तेच कापड उलट्या बाजूने, राखट रंगवून, वापरता येतं.